सांगलीची दुसरी भाकरी

माळवाडीत राहीबाईंच्या घरून कुणी उपाशी गेल्याचं ऐकिवात नव्हतं. उपाशी जाणं तर सोडाच, पोट बेताचं भरून उठलो असंही कुणाला म्हणता आलं नव्हतं. कोरेगावचे तलाठी वसुलीला यायचे ते घरून जेवून यायचे, आणि राहीबाईंच्या सोप्यात आणखी दोन भाकऱ्या खाऊन जायचे. एकदा गुरांच्या डॉक्टरांनी उंबऱ्यातच सांगून टाकलं, ‘आज पोट बिघडलंय, मला काही वाढू नका.’ त्यांना राहीबाईंनी दहीभात वाढला. मग दहीभात म्हणजे काही जेवण नव्हे म्हणून भाकरी वाढली.

या कामात त्यांचा एक सिद्धांत होता. धाकट्या जावेला त्यांनी तो तिच्या लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी शिकवला होता. “पैलं नको म्हंजी रीत. दुसरं नको म्हंजी लाज. आन् तिसऱ्यांदा बी नकोच म्हनला, तर हात लावून बघायचं, ताप हाय का.”

त्या स्वतः मात्र कधी जेवायच्या ते फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं. सगळ्यांचं आटोपलं की काटवटीला चिकटलेलं पीठ खरवडून एक लहानशी भाकरी व्हायची. ती थापून, भाजून, चूल विझवून, मांजराला हाकलून खाईपर्यंत गार झालेली असायची. त्यांचे मालक नाथाजी हवालदार पलटणीतून पेन्शन घेऊन आल्यापासून रोज ताटावर बसताना म्हणायचे, “तू बी बस की.” राहीबाई म्हणायच्या, “तुमचं हू द्या.” हात धुवावा, चूळ भरावी, तसं हे रोज व्हायचं, आणि मग हवालदार जेवायला लागायचे.

लढाई संपून वर्ष झालं होतं. त्या हिवाळ्यात एके दिवशी आकाराम तात्या हवालदारांकडे जेवायला होते. तात्या म्हणजे शेजारचे म्हातारे. उभी हयात गुळाच्या आणि हळदीच्या गाड्या सांगलीला नेण्यात गेलेली. जेवता जेवता ते सांगलीच्या खानावळीची गोष्ट सांगायला लागले.

“पाटावर बसायचं. बसलं की भाकरी ताटात. ही खातोय तवर दुसरी तव्यावर फुगत आसती. आन् वाढनारी बाई येती, ईचारती, ‘आजून?’”

“पुरुषांस्नीच?” राहीबाईंनी चुलीपुढून विचारलं.

“छ्या! बायका बी येत्यात. बायकांची पंगत येगळी.”

तव्यावरची भाकरी उलटायची राहिली आणि तिला एका बाजूने काळा डाग पडला. असं त्यांच्या हातून आई गेली त्या साली एकदा झालं होतं. लग्नानंतर माहेरी गेल्या की आई त्यांना चुलीशेजारी बसवून तव्यावरची भाकरी थेट ताटात टाकायची. ती गेल्यापासून दुसऱ्याच्या हातची गरम भाकरी राहीबाईंच्या ताटात पडलेली नव्हती. त्यांनाही हे आत्ताच ध्यानात येत होतं.

दुसऱ्या दिवशी सोप्यात भुईमुगाच्या शेंगा फोडायला तिघी मैत्रिणी आल्या, तेव्हा राहीबाई म्हणाल्या, “सांगलीला जाऊया गं. दोन दिस.”

शेंगा फुटायच्या थांबल्या.

“कोन वारलं?” बनुबाईंनी विचारलं. बनुबाई स्वभावाने भित्र्या. गावाबाहेर जायचं म्हणजे कुणीतरी वारलंय किंवा कुणाचं तरी लग्न आहे, असाच त्यांचा अनुभव होता.

“कुनी न्हाई. आपलं आपुन जायाचं.”

“कशाला पन?”

“मजा करायला,” धोंडुबाई म्हणाल्या, आणि आपल्याच तोंडून काय गेलं म्हणून पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. धोंडुबाईंचं हसणं गावंदरीपर्यंत जायचं. चौथी सुलाबाई, सगळ्यांत धाकटी. तिचा नवरा बेळगावला पलटणीत होता आणि पाहिलेल्या बोलपटांची नावं पत्रातून कळवायचा. ती हळूच म्हणाली, “सांगलीत बोलपटाची टाकी हाय म्हनं.”

मग आठ दिवस शेंगा फोडता फोडता सांगलीचा बेत ठरला. धोंडुबाईंना कृष्णेवरच्या मोठ्या पुलावरून चालत जायचं होतं, आणि मधोमध उभं राहून खाली थुंकायचं होतं. बनुबाईंना गणपती बघायचा होता आणि सुखरूप परत यायचं होतं. सुलाबाईला बोलपट. सोमवारी गावचा बाजार, त्याच्या आत घरी पोचायला हवं, म्हणून शनिवार आणि रविवार ठरले. बायका एकट्या कशा जाणार, हा प्रश्न आला. चौघी म्हणजे माळवाडीच्या हिशेबाने एकट्याच. तेव्हा सोबत पुरुष म्हणून आकाराम तात्यांना न्यायचं ठरलं. तात्यांना डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं आणि बसले की डोळा लागायचा, पण धोतर आणि पटका होता.

“आन् तुला काय बघायचंय?” धोंडुबाईंनी राहीबाईंना विचारलं.

“मला खानावळीत जेवायचंय.”

तिघी जणी बघत राहिल्या. “भाकरी खायाला सांगलीला?” धोंडुबाई म्हणाल्या. “बया, भाकरी काय तुझ्या घरात पिकत न्हाई?”

“माज्या घरात म्या केल्याली पिकती.”

तिघींनी पुन्हा शेंगा फोडायला घेतल्या.

“म्हनून सांगते,” राहीबाई म्हणाल्या, “शिदोरी कुनी घ्यायची न्हाई. गठुड्यात भाकरी आसली की टाकवत न्हाई. मग दोन दिस तीच खात बसायचं. घाला हात.”

चौघींनी शेंगांच्या ढिगावर हात ठेवून शपथ घेतली.

हवालदारांनी परवानगी दिली. गणपतीचं दर्शन म्हटल्यावर नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, “मग माजं?”

“जाऊबाई करंल. आन् मीठ फळीवर हाय, डाव्या अंगाला.”

हवालदारांनी इटलीच्या डोंगरात तीस माणसं रात्रीच्या अंधारात नेऊन आणली होती. त्यांनी फळीकडे बघून घेतलं आणि मान हलवली.

शनिवारी पहाटे निघायच्या आधी राहीबाईंनी चूल पेटवली ती धाकट्या पोराच्या न्याहारीसाठी. त्याची झाल्यावर तवा तापलेला होता आणि पीठ उरलेलं होतं. बनुबाईला भूक सोसत नाही, वाटेत तिला घेरी आली म्हणजे, असं त्यांच्या मनात आलं. शपथ घेतली होती हे खरं, पण ती त्यांनी इतरांसाठी घातली होती. त्यांनी आठ दशम्या केल्या, शेंगांची चटणी घेतली, आणि सगळं जुन्या लुगड्यात गुंडाळून गठुड्याच्या तळाशी घातलं.

कोरेगावच्या स्टेशनावर आगगाडीत जागा मिळाली. चौघींनी आपापली गठुडी मांडीवर धरली.

“जड दिसतंय,” राहीबाई धोंडुबाईंच्या गठुड्याकडे बघून म्हणाल्या.

“पांघरून हाय. थंडीचं दिस.”

“पांघरनाला लसनाचा वास येतोय.”

“तुजं नाक लय मोठं हाय, राही. खिडकीतनं भाईर काढ त्येला.”

मिरजेला गाडी बदलून दुपारी सांगलीत पोचले. धर्मशाळेत सामान टाकलं, पण गठुडी कुणी टाकली नाहीत. गणपतीच्या देवळात बनुबाईंनी डोळे मिटून जे हात जोडले ते इतका वेळ, की तात्या पायरीवर बसून एक झोप काढून उठले. मग पूल. धोंडुबाई मधोमध उभ्या राहिल्या, कठड्यावरून वाकल्या, आणि खाली नदीत एक म्हातारा अंघोळ करून सूर्याला पाणी देत होता तो बघून तोंड मिटून तशाच परत आल्या. बाजारात बांगड्या भरल्या. भडंगाचा पुडा घेतला. राहीबाई सगळीकडे सगळ्यांच्या बरोबर होत्या, पण भडंग त्यांनी चिमूटभरच खाल्ला. पोटात जागा ठेवली होती.

दिवेलागणीला तात्यांनी त्यांना खानावळीत आणलं. एक लांबट खोली, एका अंगाला पुरुषांची पंगत, मधे गोणपाटाचा पडदा, अलीकडे बायकांची. पडदा मधोमध फाटलेला होता, त्यामुळे तात्या दिसत होते. खानावळ चालवणारी अंबूबाई पन्नाशीची, उभट, कमरेला पदर खोचलेली. बोलायला तिला फुरसत नव्हती. “बसा,” म्हणाली, आणि ताटं मांडली. वांग्याची भाजी, आमटी, ठेचा, कांदा. आणि मग आतून भाकरी आली.

राहीबाईंच्या ताटात ती पडली तेव्हा तिचा पापुद्रा अजून फुगलेला होता. त्यांनी बोट लावलं तशी फस्सकन वाफ निघाली आणि बोट भाजलं. एरवी हजार वेळा भाजलं होतं, पण ते करताना. खाताना भाजलं ते आई गेल्यापासून आजच. त्यांनी बोट तोंडात धरलं आणि तशाच बसून राहिल्या.

“काय गं, खडा हाय का?” बनुबाईंनी विचारलं.

“न्हाई,” राहीबाई म्हणाल्या. “तू खा.”

भाकरी जरा जाड होती. मीठ किंचित पुढे. हे त्यांना न बघताही कळत होतं, पण त्यांनी ते मनात बाजूला सारलं आणि खाल्ली. शेवटचा घास आमटीत बुडवला तेवढ्यात अंबूबाई हातावर भाकऱ्यांची चळत घेऊन पुढे उभी राहिली.

“भाकरी?”

आणि राहीबाईंचा डावा हात आपोआप उठला, ताटावर आडवा झाला, आणि त्या म्हणाल्या, “नको.”

“बरं,” म्हणून अंबूबाई पुढे गेली.

राहीबाई तशाच राहिल्या. हात ताटावर होता. आता ती मागे वळेल, म्हणेल, ‘घ्या हो, एक भाकरी काय जड हाय?’ मग आपण म्हणायचं, ‘न्हाई वो, पोट भरलं.’ मग ती अर्धी तरी टाकेलच. पण अंबूबाई धोंडुबाईंपुढे गेली होती. धोंडुबाई म्हणाल्या, “नको बया.” अंबूबाई पुढे. बनुबाईंनी नुसतीच मान हलवली. सुलाबाई लाजली. चळत जशीच्या तशी पडद्यापलीकडे गेली.

“भाकरी?”

“वाड,” तात्यांचा आवाज आला. “आन् आमटी बी. आन् त्यो ठेचा.”

तात्यांनी त्या दिवशी पाच भाकऱ्या खाल्ल्या. चौघी बायका रिकाम्या ताटांसमोर बसून फाटक्या गोणपाटातून ते बघत होत्या. अंबूबाई परत आली, रिकामी ताटं बघितली, आणि म्हणाली, “झालं न्हवं? मग उठा माय, भाईर मानसं थांबल्याती.”

चौघी घाटावर येऊन बसल्या. तात्या पायरीवर पडून तृप्तपणे घोरत होते.

“बाई हाय का कोन,” धोंडुबाई म्हणाल्या. “एकदा ईचारलं आन् गेली! आमच्यात कुत्र्याला बी दोनदा युयु करत्यात.”

“म्या म्हनलं, तू घेशील, मग मी घीन,” बनुबाई म्हणाल्या.

“म्या म्हनलं, राही घील,” धोंडुबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी राहीबाईंकडे बघितलं. राहीबाई पाण्याकडे बघत होत्या. साऱ्या पंचक्रोशीला त्यांनी नकोवर भाकरी घातली होती. आपल्या नकोवर कुणी घालणार नाही हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

सुलाबाईच्या पोटात गुरगुरलं. ते चौघींना ऐकू गेलं. मग बनुबाईंनी इकडेतिकडे बघत आपल्या गठुड्याची गाठ सोडली. आत भाकऱ्या होत्या. “आडीनडीला,” त्या म्हणाल्या. धोंडुबाईंच्या पांघरुणातून लसणाची चटणी आणि दशम्या निघाल्या. सुलाबाईने धपाटी आणली होती, सासूला न सांगता. तिघी राहीबाईंकडे बघायला लागल्या. राहीबाईंनी जुनं लुगडं काढलं आणि उलगडलं.

“बाय बाय बाय,” धोंडुबाई म्हणाल्या. “शपथ घालनारी बी हीच!”

सगळं गार होतं. ‘घे गं’, ‘नको गं’, ‘माज्या गळ्याची आन हाय’, ‘अर्धी तरी’, असं चाललं होतं. कुणी एकदाच नको म्हणून सुटली नाही. पोटं भरली. आणि तरीही निम्मं उरलं.

सकाळी राहीबाईंनी सांगितलं, “म्या दुपारी परत खानावळीत जानार.”

“आन् ह्ये?” बनुबाईंनी उरलेल्या भाकऱ्या दाखवल्या. “अन्न टाकतीस?”

“आन् टाकी?” सुलाबाई म्हणाली. रविवारी दुपारी जास्तीचा एक खेळ होता, आणि त्यानंतर गाडी. दोन्ही जमणार नव्हतं.

“तुमी टाकी बघा. मला तात्या हायत.”

“एका भाकरीपायी?” धोंडुबाई म्हणाल्या. या वेळी त्या हसत नव्हत्या.

“एका न्हाई,” राहीबाई म्हणाल्या. “दुसरीपायी. पैली खाल्ली काल.”

उरलेली शिदोरी घेऊन त्या घाटावर गेल्या. नावाडी नावेत बसून विडी ओढत होते. “खाऊन घ्या बाबांनो,” म्हणाल्या. नावाडी म्हणाले, “नको मावशी.” राहीबाईंनी पुन्हा म्हटलं. नावाडी पुन्हा नको म्हणाले. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलंच नाही, हातात ठेवल्या. नावाडी मुकाट्याने खायला लागले. एवढं सोपं काम, आणि ती खानावळवाली भाकऱ्यांची चळत हातात घेऊन ते न करता निघून गेली, याचं राहीबाईंना पुन्हा एकदा नवल वाटलं.

तिथून खानावळीपर्यंत वाटेने त्या ओठातल्या ओठात म्हणत होत्या, “वाढा. वाढा.” तात्यांच्या उजव्या कानावर ते गेलं. “काय वाडा?” त्यांनी विचारलं. “तुमास्नी न्हाई,” राहीबाई म्हणाल्या.

बायकांच्या पंगतीत त्या एकट्याच होत्या. अंबूबाईने ताट ठेवताना बघितलं. “काल आलता न्हवं?”

“व्हय.”

पहिली भाकरी पडली. राहीबाई सावकाश खात होत्या. आज मीठ बरोबर होतं. अर्धी संपली तशा त्या आतल्या दाराकडे बघायला लागल्या. अशी धास्ती त्यांना थोरल्या पोराच्या पलटणीतल्या भरतीच्या वेळीही वाटली नव्हती. शेवटचा घास घेताना त्यांनी डावा हात मांडीखाली घातला आणि वर दाबून बसल्या.

“भाकरी?”

हात मांडीखाली हलला. राहीबाईंनी मांडी घट्ट केली. तोंडात ‘न’ येऊन बसला होता. तो गिळायला आमटीचा घोट घ्यावा लागला. तेवढ्यात अंबूबाईने पाऊल उचललं.

“वाढा!” राहीबाई म्हणाल्या. जरा मोठ्यानेच झालं. पडद्यापलीकडे दोघातिघांचे घास थांबले.

अंबूबाईने भाकरी टाकली. “आमटी?”

“वाढा.”

आमटी वाढली आणि अंबूबाई पुढच्या कामाला गेली. तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. ‘बघा बाई, किती खाते’ असंही नाही. राहीबाई क्षणभर वाट बघत राहिल्या. काहीच झालं नाही. मग त्यांनी भाकरीवर बोट ठेवलं, वाफ सोडली, आणि खायला लागल्या. तिसरीलाही त्या ‘वाढा’ म्हणाल्या. तिसरी त्यांना खरं तर जड झाली, पण त्यांनी ती संपवली.

स्टेशनावर तिघी धावत आल्या. गाडीसाठी बोलपट मधेच सोडावा लागला होता. नायिका विहिरीच्या काठावर उभी होती, तिथपर्यंतच त्यांनी पाहिला. सुलाबाईच्या डोळ्यांना पाणी होतं.

“जेवलीस?” धोंडुबाईंनी विचारलं.

“तीन.”

“तीन!” धोंडुबाईंनी डबाभर ऐकू जाईल असं म्हटलं. “आन् कितींदा ईचारलं तिनं?”

“येकदाच. दर भाकरीला येकदाच.”

मिरज मागे पडल्यावर धोंडुबाईंनी बोलपटाचा शेवट ठरवायला घेतला. बनुबाईंच्या मते नायिकेला कुणीतरी हाक मारली असणार आणि ती घरी गेली असणार. धोंडुबाईंच्या मते तिने सासूलाच विहिरीत ढकललं. कऱ्हाडपर्यंत हा वाद पुरला. राहीबाई खिडकीला डोकं टेकून बसल्या होत्या. मधेमधे ढेकर येत होता.

कोरेगावच्या स्टेशनावर धाकटा पोरगा सयाजी बैलगाडी घेऊन आला होता. आईला दारात उतरवून तो शाळूच्या राखणीला गेला. हवालदार जेवायचे थांबले होते. जावेने भाकऱ्या बुट्टीत झाकून ठेवल्या होत्या, कालवण चुलीवर होतं. राहीबाईंनी पाय धुतले, गणपतीचा अंगारा हवालदारांना लावला, ताट वाढलं आणि पाणी ठेवलं.

“काय बगितलं सांगलीत?”

“गनपती. पूल.”

“बरं झालं.” हवालदारांनी हात धुतला, पाटावर बसले, आणि रोजच्यासारखे म्हणाले, “तू बी बस की.”

राहीबाईंनी दुसरं ताट घेतलं. दुसरा पाट ओढला आणि समोर बसल्या. “बसते,” म्हणाल्या.

हवालदारांचा हात घासावर थांबला. त्यांनी राहीबाईंकडे पाहिलं, त्यांच्या रिकाम्या ताटाकडे पाहिलं. मग बुट्टी कुठं आहे ते पाहिलं. बुट्टी चुलीपाशी होती आणि राहीबाई उठत नव्हत्या. मग हवालदार गुडघ्यावर हात टेकून उठले, चुलीपाशी गेले, आणि झाकण काढून एक भाकरी आणली. ती थेट ताटात टाकावी की कडेला ठेवावी याचा त्यांना अंदाज येईना. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरून ताटात ठेवली, एखादा कागद सादर करावा तशी. कालवणाची पळी आणताना वाटेत थोडं सांडलं.

भाकरी गार होती, आणि राहीबाईंच्या पोटात खरं तर जागाही नव्हती. त्यांनी एक तुकडा मोडला.

हवालदार बुट्टीपाशी उभेच होते. इतकी वर्षं जेवणात राहीबाई त्यांना जे विचारत आल्या होत्या, ते त्यांना आठवलं असावं.

“आजून?” त्यांनी विचारलं.

“ही तर खाऊ द्या,” राहीबाई म्हणाल्या. “मग ईचारा.”

हवालदार हातात भाकरी घेऊन थांबले.